पूर्ण एक मिनिट

“ही सिस्टर नुसतीच उभी राहती बघा. करत काहीच नाही.”

वाक्य माझ्यासाठी नव्हतं. शेजारच्या कॉटवरच्या बाईला ती हळू आवाजात सांगत होती. पण दुपारची भेटीची वेळ संपली की वॉर्डात जी थोडी शांतता होते, तिच्यात हळू बोललेलंच नेमकं ऐकू येतं. मी तिच्या सासऱ्यांच्या कॉटपाशी उभी होते. त्यांचं मनगट माझ्या बोटांत, नजर एकदा भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर आणि एकदा त्यांच्या छातीवर. वळून बघितलं असतं तर मोजणी चुकली असती, म्हणून वळले नाही. मिनिट संपलं तेव्हा आकडा ३२ होता. मी डॉक्टरांना फोन लावायला गेले आणि तिच्या लेखी माझं काम तिथून पुढे सुरू झालं. ऑक्सिजन लागला, सलाइन लागलं, रक्त काढलं, इंजेक्शनं आली, फिरतं एक्स-रे मशीन खडखडत आलं. त्याआधीचं एक मिनिट तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. ड्यूटी संपवून सोलापूरच्या सात रस्ता चौकातून घरी जाताना, भाकऱ्या थापताना, रात्री दिवा मालवल्यावर, मध्येच कुठेतरी ते ऐकू यायचं. नुसतीच उभी राहती. आमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बाहेरून बघणाऱ्याला असाच दिसतो, हे मला कुणीतरी पहिल्यांदाच इतक्या स्वच्छपणे सांगितलं होतं.

आजोबा यंत्रमागावर आयुष्य काढलेले, सत्तरी ओलांडलेली. जानेवारीचे दिवस, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली, होम मैदानाकडच्या रस्त्यांवर गर्दी आणि धूळ. केसपेपरवर लिहून आलं होतं: दोन दिवस जेवण नाही, कालपासून असंबद्ध बोलणं. ताप नाही. “मामा रात्रीपासून कायकाय बोललालेत सिस्टर, मला अक्का म्हणून हाक मारलालेत,” सून सांगत होती. घरच्यांना वाटलं होतं वयानं डोकं फिरलं, नाहीतर साखर उतरली. निघाला न्यूमोनिया. न्यूमोनिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सणसणून ताप, हुडहुडी, बरगडीत कळ, विटकरी रंगाचा बेडका असं सगळं येतं. तरुण माणसाला पुष्कळदा तसाच होतो. म्हाताऱ्या शरीरात मात्र ताप चढवायचीही ताकद कधीकधी उरलेली नसते. मग माणूस ताटावरून उठतो, बाथरूमला जाताना पडतो, सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारतो. अशा वेळी एक गोष्ट सहसा खोटं बोलत नाही, ती म्हणजे श्वासाची गती. धडधाकट मोठा माणूस निवांत असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. पंचविशीच्या पुढे गेला की माझे कान टवकारतात. तिशीला पोचला की मी चालत नाही, पळते.

न्यूमोनिया किती गंभीर आहे हे जोखायला डॉक्टर जो ठोकताळा वापरतात, त्यातल्या चार गोष्टी कॉटपाशी उभं राहूनच कळतात: माणूस भांबावलाय का, श्वास ३० किंवा त्याहून जास्त आहेत का, ब्लडप्रेशर उतरलंय का, वय ६५ किंवा त्यापुढचं आहे का. आजोबांच्या बाबतीत चारातल्या तीन गोष्टी रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच हो म्हणत होत्या. यातली एक मोजायला कुठलंच यंत्र लागत नाही, आणि नेमकी तीच मोजली जात नाही.

चार्ट उघडून बघा. तापमान थर्मामीटर सांगतो, नाडी आणि ऑक्सिजन बोटावरचा चिमटा सांगतो, प्रेशर मशीन सांगतं. श्वासाचा रकाना तेवढा माणसाला स्वतः उभं राहून भरावा लागतो. आणि तो रकाना मी वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या ठिकाणी बघितलाय: वीस, वीस, वीस, वीस. सकाळ, संध्याकाळ, रात्र. उद्या घरी जाणाऱ्याचे वीस आणि ज्याच्या नाकपुड्या फुलल्यात त्याचेही वीस. मला ते बघून रडू येतं, खरंच. ते लिहिणारी मुलगी कामचुकार असते असं नाही. रात्रपाळीला सगळा वॉर्ड तिच्या एकटीवर असतो, एका हातात इंजेक्शनचा ट्रे आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी सलाइन संपलं म्हणून ओरडत असतं. चाळीस पेशंटांचे चाळीस मिनिटं श्वास मोजायचे म्हणजे रात्रीचा केवढा तुकडा त्यात जातो, हे मला तिच्याइतकंच ठाऊक आहे. तरीही त्या विसाच्या ओळीला माझं मन आजवर सरावलेलं नाही.

मनगट धरण्यामागे एक कारण आहे. श्वास मोजते म्हणून सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो, जसा फोटो काढताना आपोआप ताठ बसतो तसा. म्हणून नाडी बघतेय असं दाखवायचं, तीस सेकंद नाडी खरंच बघायची, आणि हात न सोडता पुढचं पूर्ण मिनिट छातीकडे बघत राहायचं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की भागत नाही. आजारी माणसाचा श्वास एकसारखा नसतो. तो थबकतो, मग भरभर येतो, मध्येच एक मोठा सुस्कारा. आणि त्या मिनिटात नुसता आकडा मिळत नाही. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेत का, गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जातोय का, दोन्ही बाजू सारख्याच उचलतायत की उजवी मागे राहतेय, ओठांचा रंग कसा आहे, “जेवलात का?” विचारल्यावर उत्तर एका दमात येतं की “नाही... गेलं...” असं तुटक तुटक येतं, हे सगळं त्याच मिनिटात दिसतं. दम लागलेला माणूस बहुधा आडवा पडत नाही. गुडघ्यांवर तळहात रोवून पुढे झुकून बसतो. तसं कुणी बसलेलं दिसलं की आधी त्याच्याकडे.

सोलापुरात थंडीच्या दिवसांत हे बघायला एक अडचण आड येते, ती म्हणजे चादर. पेशंटबरोबर घरून चादर येतेच. कॉटवर हॉस्पिटलचं ब्लँकेट असलं तरी घरची चादर वरून हवी, आणि ती हनुवटीपर्यंत ओढून कडा गादीखाली खोचलेल्या. आजोबांची चादर जाड, गडद लाल, मध्ये मोर विणलेला, धुवून धुवून मऊ पडलेली. त्यांच्या हातची असेल किंवा नसेल, ते काही सांगायच्या स्थितीत नव्हते. मी ती कमरेपर्यंत खाली केली की सून पुन्हा वर ओढायची. “थंडी वाजलालीय त्यांना.” मग मी तिच्याशी झगडायचं सोडून दिलं आणि चादर छातीवर तशीच ठेवून एकदा मोराकडे बघून मोजलं. जाड विणीखाली वरवरचे, उथळ श्वास दिसतच नाहीत. मोराचा पिसारा मधूनच हलतोय असं वाटायचं, आणि हात आत घातला की बरगड्या भात्यासारख्या चालल्यात. मी तिचा तळहात धरून चादरीखाली सासऱ्यांच्या बरगडीवर ठेवला. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर चादर कमरेवरच राहिली.

मी विडीवाल्यांच्या घरातली. आमच्या घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, पलीकडच्या चाळीत कानडी आणि दखनी. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसायची, पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायची, आणि कारखान्यात हजाराच्या हिशेबानं माल मोजून द्यायची. आमच्या गल्लीत खोकल्याला आजार कुणी म्हणतच नसे. सकाळी नळाला पाणी येतं तसा सकाळी खोकला येतो, एवढंच. तिकडे मागावरून आलेल्या पुरुषांच्या भुवयांवर कापसाचा भुगा, इकडे बायकांच्या पदराला तंबाखूची धूळ, आणि एकाच खोलीत सगळ्यांची झोप. अंधारात कुणाच्या छातीची घरघर कुणाची हे मला लहानपणी पाठ होतं. आज पेशंटला “खोकला आहे का?” विचारलं की “तो तर नेहमीचाच” असं उत्तर येतं आणि नवशिकी मुलगी ‘खोकला: जुना’ लिहून पुढे जाते. मी विचारते, “नेहमीपेक्षा काय वेगळं झालंय?” मग गोष्टी निघायला लागतात. आधी पांढरा पडायचा, आता पिवळा पडतोय. जिना चढताना दम लागायचा, आता बसल्या जागी लागतोय. परवापर्यंत कडक भाकरी आमटीत कुस्करून खात होते, काल घासच तोंडात धरून बसले. माहिती पेशंटच्या शेजारी बसलेल्या बाईकडे असते. तिला विचारायची रीत यावी लागते.

एखादी आई तान्हं बाळ घेऊन येते आणि म्हणते, “पोट उडलालंय.” त्या दोन शब्दांत तिनं तपासणी निम्मी करून आणलेली असते. बाळाचं झबलं वर करायचं, रडत असेल तर शांत होऊ द्यायचं, दूध पीत असेल तर थांबायचं, आणि पूर्ण मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर आणखी मोठी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत याच मोजणीवर भरवसा ठेवला. ज्या गावांत डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, तिथे गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू कमी झाल्याचं त्यांनी १९९० साली जगापुढे मांडलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी श्वासमापक बनवला होता: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या अनोळखी दायांचा मला फार अभिमान वाटला. त्याही मिनिटभर ‘नुसत्याच’ बसून राहिल्या असतील बाळापाशी, आणि घरातलं कुणीतरी म्हणालंही असेल, ही करत काहीच नाही.

कोरोनात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरांत गेला. त्यानं माणसं वाचवली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तेव्हापासून लोक छातीकडे बघायचे थांबले, बोटाकडे बघायला लागले. “सिस्टर, ९५ आहे की, मग काय काळजी?” ते ९५ टिकवायला शरीर काय मोल मोजतंय, हे बोटावर दिसत नाही. माणूस मिनिटाला ३४ वेळा छाती ओढून तो आकडा धरून ठेवत असतो, आणि दमला की आकडा एकदम कोसळतो. शिवाय बोटं गार असली, नखांवर रंग असला तर चिमटाही फसतो.

आजोबांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग एक्स-रेवर पांढरा दिसला. पुढचे दिवस औषधांचे, तसेच बारीकसारीक कामांचे. कॉटचं डोकं वर उचलून ठेवायचं, खाली घसरले की दोघींनी धरून वर ओढायचं, कारण माणूस घसरून मुडपला की पोट छातीला दाबतं. कुशीवर वळवायचं तर चांगली डावी बाजू खाली, म्हणजे धड फुप्फुसाकडे रक्त जास्त जातं आणि ऑक्सिजन सुधारतो. कवळी काढून स्टीलच्या वाटीत, दोन्ही वेळा तोंड आतून पुसून काढायचं. जिभेवर चिकट पिवळा थर साचलेला असतो, तोच घास-थुंकीबरोबर चुकून श्वासनळीत उतरला की नवा संसर्ग. तोंडाची स्वच्छता हे न्यूमोनियाचं औषध आहे असं म्हटलं तर नातेवाइकांना पटत नाही, पण मी म्हणतेच. बेडका तपासायला द्यायचा तर सकाळचा, चूळ भरून, खोलातून खोकून काढलेला. नुसती थुंकी भरलेली डबी परत येते. बरं वाटायला लागल्यावर श्वासाच्या व्यायामाचं, तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र. सगळेच पेशंट त्यात आधी फुंकतात. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं.

खरी वादावादी झाली ती खाण्यावरून. श्वास तिशीला असताना सून त्यांना आडवंच ठेवून चमच्यानं पेज भरवत होती. मी हात धरला. ती चिडली. “उपाशी मारायचंय का माणसाला?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सासऱ्यांनी दोन दिवस काही खाल्लं नाही, हे तिला न्यूमोनियापेक्षा मोठं होतं. मी तिला गिळून दाखवलं: बघ, गिळताना श्वास थांबतो. ज्याला क्षणभरही श्वास थांबवणं परवडत नाही, त्याचा घास कुठे जाईल? श्वास उतरू दे, मग ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा, आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. “श्वास उतरला हे मला कसं कळणार?” तिनं विचारलं. तर मोज, म्हटलं.

तिनं पहिल्या फटक्यात बरोबर मोजलं. नर्सिंगच्या मुलींचे सुरुवातीला दोन-चार इकडेतिकडे होतात, पण ही रोज विड्या मोजून देणारी बाई. ओठ न हलवता, नजर न ढळवता, शेजारी कुणी बोलत असतानाही तिची मोजणी चुकली नाही. संध्याकाळी मी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देत असताना लांबूनच म्हणाली, “सिस्टर, २६.” मी जाऊन पुन्हा मोजले. २६ च होते.

सगळेच असे उतरत नाहीत. त्याच आठवड्यात त्याच ओळीतला, आजोबांच्या निम्म्या वयाचा एक माणूस गेला. त्याचे श्वास मी तासातासाला मोजले होते, वेळेवर सांगितले होते, अतिदक्षता विभागातही वेळेवर हलवला होता.

मोजून सगळी माणसं वाचत नाहीत.

चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेल्या डॉ. कोटणीसांचं नाव सोलापुरात लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्यांच्याशी त्यांनी चीनमध्ये लग्न केलं त्या क्वो छिंगलान परिचारिका होत्या, युद्धाच्या धामधुमीत परिचर्या शिकवत होत्या. हे मात्र आपण ओघात सांगतो, किंवा सांगत नाही. मला त्यांच्याबद्दल नेहमी कुतूहल वाटतं. तिथल्या आपल्या मुलींना त्या सगळ्यात आधी काय बघायला शिकवत असतील?

आजोबांना घरी सोडताना मुलगा एक्स-रे घेऊन धावत आला. डाग अजून तसाच आहे, मग सोडता कसे? त्याला समजावलं की माणूस आधी सुधारतो, फिल्म मागून सुधारते. या वयात सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात, तेव्हा पुन्हा फिल्म काढायची. लशींचं सांगितलं. बाळांना न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मोठ्यांना मात्र विकत घ्यावी लागते. त्यानं मान डोलावली, पण किंमत ऐकल्यावर गप्प झाला. मग मी सुनेला म्हणाले, आजोबा झोपतात त्या खोलीत सूप घेऊन बसू नका, ती धूळ त्यांच्या छातीला नको. “आम्हाला एकच खोली आहे सिस्टर. मग बसायचं कुठं?” माझ्या अम्मानं हाच प्रश्न कुणाला विचारला असता तर तिलाही उत्तर मिळालं नसतं. शेवटी दारातल्या पायरीवर बसायचं ठरलं. एप्रिलात सोलापूरच्या उन्हात त्या पायरीवर टेकता येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आता वॉर्डात शिकाऊ मुलींची नवी तुकडी आली आहे. परवा त्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, “मॅडम, सगळ्यांचं पूर्ण मिनिट मोजलं तर बाकीची कामं कधी करायची?” प्रश्न खरा आहे, म्हणून खरंच उत्तर दिलं. सगळ्यांचं जमलं तर सोन्याहून पिवळं. नाहीच जमलं, तर आज नवीन आलेले, ऑक्सिजनवर असलेले, साठी ओलांडलेले, कालपेक्षा कमी बोलणारे, कालपेक्षा कमी जेवलेले, यांचं काही झालं तरी सोडायचं नाही. आणि ज्याचे मोजले नाहीत, त्याच्या रकान्यात वीस लिहायचं नाही. रकाना कोरा ठेवायचा. कोरा रकाना पुढच्या सिस्टरला निदान सांगतो की इथे अजून कुणी बघितलेलं नाही. मुलीनं वहीत लिहून घेतलं, मग चार्टची चळत चाळून अकरा नंबरचा कागद वर काढला. पंचाहत्तरीच्या आजी, रात्री दाखल झालेल्या, सकाळचा चहा तसाच पडून. श्वासाच्या रकान्यात २० लिहिलेलं होतं. “हे मी लिहिलेलं नाही,” ती घाईनं म्हणाली. कुणी का लिहिलेलं असेना. मी तिला घड्याळ दिलं आणि आजींच्या मनगटावर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं.